‘हेल्प’ ह्या क्रियापदाचा उपयोग

‘हेल्प’ ह्या इंग्रजी क्रियापदाचा पहिला अर्थ साहाय्य करणें. आपण ‘मला मदत कर’ म्हणतों. त्यांतील ‘ला’चें भाषांतर करून पुष्कळ विद्यार्थी ‘हेल्प टु मी’ असें लिहितात, तें चूक होय. इंग्रजींत तें कर्म असल्यामुळें ‘हेल्प मी’ एवढेंच पुरे. पुढें दुसरें क्रियापद आल्यास मात्र ‘टु’ ठेविला वा गाळिला तरी चालतो. ‘हेल्प मी टु लिफ्ट’ व ‘हेल्प मी लिफ्ट’ हीं दोन्हीं शुद्ध.

पंक्तींत ‘हेल्प युअरसेल्फ’ म्हणजे हवें तें आपल्या हातानें वाढून घ्यावें. ‘आय कॅनॉट हेल्प लाफिंग’ ह्यांत तर मदतीचा गंधही नाहीं. मला हंसूं आवरत नाहीं, असा अर्थ. येथें ‘टु लाफ’ लिहूं नये.

१६११ च्या इंग्रजी बायबलांत, लूककृत शुभवर्तमानांतील मरीयेच्या गीतांत, ‘होल्पन’ हें ह्याचेंच जुनें रूप आढळतें. आज ‘हेल्प्ड’ असेंच लिहावें.

आपल्या पिंपळवंडीकडील ‘सावड’ मात्र ह्या एका शब्दांत मावत नाहीं. आज मीं तुझ्या शेतांत राबावें, उद्यां तूं माझ्या. ही परतफेड नुसत्या ‘हेल्प’नें कळत नाहीं, म्हणून भाषांतर करितांना ‘इन टर्न’ हे शब्द जोडावे लागतात.