वाळूनही न कोमेजणारे पिवळे फूल



हिवाळ्यात बागेत लावतात ते कागदासारखे कडक, पिवळेधमक ‘स्ट्रॉ फ्लॉवर’ आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. टास्मानियासह तिथल्या सर्व राज्यांत ते रानात आपोआप उगवते.

याचे कुळ सूर्यफुलाचे. करडई, झेंडू, शेवंती याच भावकीतली, आणि आपल्या बांधावरचे गाजरगवतसुद्धा! भावकी एक म्हणून गुण एक, असे नव्हे.

आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्या इथे पाकळ्या नव्हेतच. फुलाखालची ती कोरडी, रंगीत पानं. खरी फुलं मधल्या चकतीत दाटीनं बसलेली, अगदी बारीक. हवा दमट झाली की ही पानं मिटतात, कोरडी झाली की उघडतात. मुळातच वाळलेली, मग कोमेजणार काय?

नावाची मात्र बरीच ओढाताण झाली. १८०३ साली व्हेंतेना या फ्रेंच शास्त्रज्ञाने पहिले नाव दिले. १८०५ मध्ये ते ‘हेलिक्रायसम’ झाले. १९९० मध्ये ‘झेरोक्रायसम’, म्हणजे कोरडे सोने, हे नाव आले व पुढे तेच रूढ झाले. बियाण्याच्या पुड्यांवर मात्र अजून जुने नाव दिसते. दोन नावांच्या दोन पुड्या घेऊन एकच झाड दारात लावू नका.

शास्त्रज्ञांनी नातं शोधून आपल्याला काय मिळतं, असे कोणी विचारील. उत्तर आपल्याच शेतात आहे. कोईमतूर येथे गोड उसाचा त्याच्याच नात्यातल्या रानटी गवताशी संकर करून १९१८ साली को २०५ ही जात दिली गेली. नातं ओळखलं म्हणूनच ते जमलं.

लावायचेच असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात रोप करावे. पाण्याचा निचरा हवा. उसासारखे पाणी तुंबवू नये. मधली चकती उघडण्यापूर्वी फूल तोडून, जुड्या करून सावलीत उलटे टांगावे. वाळल्यावर देठ लुळा पडतो, म्हणून तार लावतात. सजावटीत ते बरेच दिवस टिकते.

विक्रीसाठी पट्टा लावण्याआधी मात्र गिऱ्हाईक पाहून ठेवा. घरच्या परड्यात चार रोपे लावून अनुभव घ्यावा, एवढेच आमचे सांगणे.