नकाशातील गाव

मुलांनो, इतिहास केवळ बखरींत आणि शिलालेखांत असतो असे नाही. तो जमिनीवरही लिहिलेला असतो. ती लिपी वाचावयाची असेल, तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा समोर घ्यावा. हे खाते १७६७ साली स्थापन झाले. त्याच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावरील दोन सेंटिमीटर म्हणजे भूमीवरील एक किलोमीटर होय.

या नकाशात तपकिरी रेषा चढउतार दाखवितात, निळा रंग पाणी, पिवळा रंग शेतजमीन, तर तांबडा रंग घरे व रस्ते दाखवितो. ओसाड गावालाही स्वतंत्र चिन्ह असते. नावेही बोलकी असतात. एकाच नावाच्या दोन गावांपैकी एक बुद्रुक व दुसरे खुर्द असले, तर पहिले थोरले व दुसरे धाकटे समजावे. हे दोन्ही शब्द फारसीतून आले आहेत. म्हणजे त्या भाषेतील कारभाराचा ठसा गावांच्या नावांवर आजही आहे.

आता एक उदाहरण पाहू. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव भीमेच्या काठी वसले होते. पुढे भीमेवर उजनी धरण बांधले गेले. ते १९८० साली पूर्ण झाले. धरणापूर्वीच्या नकाशात जेथे घरे व शेते आहेत, तेथे नंतरच्या नकाशात निळा जलाशय पसरलेला आहे. गावकऱ्यांना घरेदारे सोडून नव्या ठिकाणी संसार मांडावे लागले. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले, म्हणजे पळसनाथाचे प्राचीन मंदिर पुन्हा दिसू लागते.

या दोहोंपैकी खोटा नकाशा कोणता? कोणताच नाही! प्रत्येक नकाशा आपापल्या पाहणीच्या काळापुरता खरा असतो. म्हणून नकाशा उघडताच समासातील पाहणीचे वर्ष प्रथम पाहावे.

धरणाच्या पाण्याने सोलापूर जिल्ह्यातील रानेच्या राने भिजली, हे खरे. त्यासाठी कोणाचे अंगण बुडाले, हेही तितकेच खरे. गाव कोठे होते, हे नकाशा सांगतो. ते सोडताना माणसांना काय वाटले, हे तो सांगत नाही. ते वडीलधाऱ्यांजवळ बसून ऐकावे लागते. ते ऐकणारे कोणी उरले नाही, तर तेवढा इतिहास कायमचा पाण्याखाली जाईल.

स्वाध्याय : तुमच्या परिसरातील कोणत्याही तीन गावांच्या नावांचा अर्थ वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.