मुलगा जुनी पिकअप घ्यायची म्हणतोय…

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत आज एक विषय रात्रीच्या जेवणाला हमखास निघतो. मुलगा पंचविशीचा. आनंदनगर एमआयडीसीत ठेकेदाराकडे बारा तासांची पाळी करून वैतागलेला. तो म्हणतो, ‘‘बाबा, एक पिकअप बघितलीय. दहा वर्षं जुनी आहे, पण एक हाती चाललेली. चार लाखांत देतोय. घेऊ या का?’’ वडील म्हणतात, ‘‘जुनी गाडी म्हणजे डोक्याला ताप.’’ आई काहीच बोलत नाही, कारण पैसे कमी पडले की आधी तिच्याच बांगड्यांचा विषय निघणार, हे तिला ठाऊक असतं.

आईबाबांनो, आज मला तुमच्याशीच बोलायचं आहे. मुलाशी नाही.

तुमच्यापैकी अनेकांनी ऑर्डनन्समध्ये, विम्कोत किंवा मोरिवलीच्या एखाद्या केमिकल कंपनीत आयुष्य घालवलं. भोंगा, पाळी, महिन्याला ठरलेला पगार, फंड, ग्रॅच्युइटी. त्या पगारावर तुम्ही घर घेतलं, मुलांना शिकवलं. मुलाच्या वाट्याला तशी नोकरी आली नाही, यात त्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही. पण तो गाडी चालवायची म्हणतो तेव्हा तुमच्या मनात जे पहिलं येतं ते गाडीबद्दल असतं का, हे जरा स्वतःशी तपासा. बऱ्याचदा ते असं असतं, ‘‘एवढं शिकवलं ते ड्रायव्हर व्हायला?’’ किंवा ‘‘मुलगी कोण देणार?’’ ते तोंडावर बोलायचं नाही म्हणून आपण इंजिनाचं नाव पुढे करतो. मग तो दुसरी गाडी दाखवतो, तिच्यातही खोट निघते. तिसरी दाखवतो, तीही नको. चौथ्या वेळी तो दाखवायचंच बंद करतो आणि मित्राच्या ओळखीने कुठून तरी कर्ज काढतो. नाराजी कामाबद्दल असेल तर तसं सरळ सांगा. तो ऐकेल, भांडेल, पण निदान खऱ्या मुद्द्यावर भांडेल.

लग्नाचं म्हणाल तर टाटांच्या ‘एस’ची, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीची, एक गोष्ट सांगितली जाते. २००५ साली ही गाडी बाजारात आली. ती घडवणाऱ्या गिरीश वाघ यांच्या चमूने आधी तीनचाकी टेम्पोवाल्यांशी बोलून त्यांना काय हवं ते विचारलं होतं. त्यातला एक तरुण म्हणाला म्हणे, की चारचाकी असती तर लग्नाला बरं स्थळ आलं असतं. माल वाहणाऱ्यालाही समाजात मान हवा असतो, हे त्या गाडीच्या जन्मातच आहे. तुमचा मुलगा तोच मान मागतोय.

आता पैशांकडे वळू. इथे मी तुमच्या बाजूने कडक आहे.

गाडी जुनी की नवी, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न आहे, महिन्यातले किती दिवस ती चालणार? कागद-पेन्सिल घ्या आणि मुलालाच लिहायला लावा. आकडे मी उदाहरणादाखल धरते, तुम्ही तुमचे घाला. दिवसाचं भाडं दोन हजार आणि महिन्याला वीस दिवस काम, म्हणजे चाळीस हजार. रोज साठ किलोमीटर आणि लिटरला बारा किलोमीटर धरलं तर महिन्याला शंभर लिटर डिझेल, साधारण नऊ हजार. विमा, पासिंग, टॅक्स, पीयूसी मिळून महिन्याचे अडीच हजार. टायर आणि दुरुस्तीसाठी बाजूला सहा हजार. हमाल, टोल, पार्किंग, चहापाणी तीन हजार. राहिले साडेएकोणीस हजार. अडीच लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी सोळा टक्क्यांनी काढलं असेल, तर हप्ता पावणेनऊ हजारांच्या वर जातो. हातात दहा-पावणेअकरा हजार.

हाच हिशोब चौदा दिवसांचा करा. भाडं अठ्ठावीस हजार. डिझेल आणि हमाली त्या मानाने कमी होते, पण विमा कमी होत नाही, हप्ता कमी होत नाही आणि दुरुस्तीला बाजूला काढायचे पैसेही तेवढेच लागतात. शेवटी सव्वादोन हजारांच्या आसपास उरतात. सहा दिवसांच्या कामाने एवढा फरक पडतो. म्हणून मुलाला ‘‘गाडी किती चालली आहे?’’ विचारण्याआधी ‘‘तुला काम कोण देणार आहे?’’ हे विचारा. ‘‘आपल्या एरियात काम खूप आहे’’ हे उत्तर धरू नका. काम आहे, हे खरंच. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून सोफे-कपाटं निघतात, गजानन मार्केटचे कपड्यांचे गठ्ठे निघतात, कॅम्प पाचमधला जीन्सचा माल निघतो, कल्याणच्या बाजार समितीतून पहाटे भाजी सुटते, बदलापूरला रोज कुणी ना कुणी नव्या इमारतीत राहायला जातं. पण हे सगळं आज कुणाच्या तरी गाडीतून जातंच आहे. तुमच्या मुलाला बोलावणारी दोन माणसं आहेत का? त्यांची नावं त्याला सांगता आली पाहिजेत, आणि तुम्ही त्या दोघांना एकदा भेटला पाहिजेत. एक दुकानदार आठवड्यातल्या तीन फेऱ्यांचा शब्द देत असेल, तर अर्धी लढाई तिथेच झाली.

नावं नसतील तर माझं सांगणं एवढंच, की त्याला चार-सहा महिने दुसऱ्याच्या पिकअपवर चालक म्हणून जाऊ द्या. काटई नाक्यावरचा ट्रॅफिक, भिवंडीच्या गोदामाबाहेर माल उतरेपर्यंत घालवलेली दुपार, पैसे ‘‘पुढच्या आठवड्यात देतो’’ म्हणणारा व्यापारी, पावसात ताडपत्री बांधताना सोलपटलेले हात, हे सगळं त्याला मालकाच्या पैशांवर कळेल. तरीही तो गाडी घ्यायचीच म्हणाला, तर तुमचा निम्मा प्रश्न सुटला. परवान्याची अडचणही आता पूर्वीएवढी नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं आहे, की हलक्या मोटारवाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही.

काम असेल तर जुनी गाडी घ्यायला माझी हरकत नाही. पहिली गाडी जुनीच असावी, असं मला मनापासून वाटतं. नवीन गाडीचा हप्ता मोठा असतो, आणि धंद्याचा जम बसेपर्यंत तो मुलाची झोप घालवतो. पण एक बाब लक्षात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवीनची किंमत खाली आली की जुनीचीही यायला हवी. विकणारा त्याआधीचा भाव सांगत असेल, तर हे त्याच्यासमोर बोला.

आणि हातात चार लाख असतील तर चार लाखांची गाडी बघू नका. तीनची बघा. वरचे एक लाख पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचे. जुन्या गाडीत बिघाड होणारच, तिची तऱ्हाच ती. घर बसतं ते बिघाडासाठी पैसा बाजूला न काढल्यामुळे. क्लच प्लेट गेली, खिशात काही नाही, गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये उभी, तेवढ्यात दुकानदाराने दुसरा टेम्पो लावला. धंदा असा हातचा जातो.

आता गाडी बघायला जायचं. बाबा, तुम्ही बरोबर जा. मोरिवलीत वीस-तीस वर्षं मशीन हाताळलेल्या माणसाला मशीनचा आवाज कळतो. मुलाला तुमच्या त्या कानाची गरज आहे, आणि हे तो स्वतःहून कधी म्हणणार नाही. जाताना सकाळी लवकर जा, आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की आम्ही यायच्या आत गाडी चालू करू नकोस. बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर ‘‘उद्या येतो’’ म्हणून परत फिरा. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उचलतंय का, सुरुवातीचा धूर मिनिटभरात विरतोय की निळसर धूर येतच राहतोय, ते बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा. तिथून भकाभका वाफ आणि ऑइलचे शिंतोडे आले तर आत रिंगा-पिस्टनची झीज झालेली आहे, आणि इंजिनकामाला मोठी रक्कम लागते. हौद्याखाली वाका. पाट्यांची एखादी पट्टी तुटली आहे का, चेसिसला वेल्डिंगचे ठिगळ आहे का ते तपासा. ताजा काळा रंग मारलेल्या चेसिसवर नखाने खरवडा. रंगाखालून गंजाचा पापुद्रा सुटला, तर ती गाडी सोडा.

आपल्या भागात दोन गोष्टी जास्तच बारकाईने बघाव्या लागतात. पहिली पुराची. उल्हास नदीने २६ जुलै २००५ ला बदलापूर बुडवलं. २०१९ च्या जुलैत तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. २०२१ लाही घरांत पाणी शिरलं. पाण्यात बसलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ सहसा राहून गेलेली असते. सीट उचलून खालचे बोल्ट बघा. डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर असेल, तर तिच्या वायरिंगचा त्रास कधीच संपणार नाही.

दुसरी गोष्ट केमिकलची. वर्षानुवर्षं ॲसिडचे ड्रम वाहिलेल्या गाडीचा हौदा वरून पत्रा मारून नवा दिसतो. खालच्या आडव्या पट्ट्या मात्र कुरतडल्यासारख्या झालेल्या असतात. आणि मुलाने उद्या ‘‘ड्रमच्या फेऱ्यांना भाडं दुप्पट मिळतं’’ म्हटलं, तर तिथे मात्र ठाम राहा. धोकादायक माल न्यायला चालकाचं वेगळं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. वालधुनी नदीत रात्री गुपचूप रसायन सोडण्याचे प्रकार या भागाने भोगले आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये अशा रसायनातून उठलेल्या वायूमुळे उल्हासनगरातल्या शेकडो माणसांना दवाखान्यात जावं लागलं. ड्रममध्ये काय आहे हे न विचारता फेरी मारणारा मुलगा उद्या अशा प्रकरणात पहिला सापडतो.

आई, आता तुमच्याशी. मुलासाठी सोनं काढून द्यावंसं वाटणं स्वाभाविक आहे, पण सगळं देऊ नका. त्याहून महत्त्वाचं, राहतं घर तारण ठेवायचं नाही आणि बाबांच्या पेन्शनीवर दुसरं कर्ज काढायचं नाही. हे नियम घरात सगळ्यांसमोर बोलून ठेवा. मदत द्याल ती रक्कम ठरवून, आणि ती परत करायची आहे की नाही हेही आत्ताच ठरवून. बहिणीच्या लग्नाच्या वेळी ‘‘पैसे दादाच्या गाडीत गेले’’ असं कुणाला म्हणावं लागू नये. रोजचा हिशोब त्याने वहीत लिहावा आणि महिन्याला एकदा तुम्हाला दाखवावा. दोन महिने ओळीने तोटा दिसला तर गाडीवरून ओरडू नका. बसून बघा, भाडी कमी पडताहेत की दुरुस्ती जास्त होते आहे. दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

राहता राहिले कागद, आणि सगळ्यात जास्त घरं कागदांतच अडकतात. आपल्याकडची गाडी एमएच ०५, म्हणजे कल्याण आरटीओची. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा, आणि परिवहनच्या ॲपवर गाडी नंबर टाकून पासिंग, विमा आणि थकलेली चलनं तपासा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दर वर्षी करावं लागतं आणि महाराष्ट्रात तिच्यावर पर्यावरण करही लागतो, तेव्हा या दोन्ही पावत्या मागा. आरसीवर एकूण वजन ३,००० किलोच्या वर असेल तर मालवाहतुकीचं परमिटही लागतं, तेही हातात घेऊन बघा. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर नवी उच्च सुरक्षा नंबरपाटी लागली आहे का हेही बघा. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताच वर्षाला सोळा हजारांच्या आसपास जातो, त्यामुळे ‘‘विमा आहे’’ म्हटल्यावर तो अजून किती महिन्यांचा उरला आहे ते विचारा. गाडीवर कुणा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर त्यांची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण रक्कम द्यायची नाही.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ‘‘नाव नंतर करू’’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे, की अपघातात जबाबदार धरला जातो तो आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव आहे तो माणूस. तुमच्या मुलाने उद्या गाडी विकली तरी हाच नियम त्याला लागू आहे. गाडी मुलाच्याच नावावर करा, तुमच्या नावावर नको, म्हणजे धंदाही त्याचा आणि जबाबदारीही त्याची. विमा चौदा दिवसांत त्याच्या नावावर चढवायला सांगा. आणि आरसी व विमा दोन्हींवर त्याचं नाव दिसेपर्यंत, भाडं कितीही चांगलं आलं तरी, गाडी रस्त्यावर काढू देऊ नका.