उधारीवर जगणारा जंतू

१. पाठ असणं आणि कळणं यांत सुप्यापासून नगरपर्यंतचं अंतर असतं. ‘मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते’ हे मी बीएस्सीच्या पेपरात अधोरेखित करून लिहिलं होतं. पुढे सुप्याजवळ ब्रॉयलरची शेड टाकली. पहिल्याच हिवाळ्यात पाखरं रात्री घरघरू लागली, तेव्हा मी पाण्यात काय मिसळलं? अ‍ॅमॉक्सिसिलिन! पेनिसिलिनच्याच कुळातलं, जंतूची भिंत बिघडवणारं. भिंतच नाही, तर बिघडवणार काय? डॉक्टरांनी सीआरडी, म्हणजे मायकोप्लाझ्मामुळे होणारा जुनाट श्वसनरोग, असं सांगून टायलोसिन दिलं. वर हसले, ते वेगळंच.

२. खजील होऊन जुनी पुस्तकं काढली, तर हा जंतू चक्क उधारीवर जगणारा निघाला. मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकमचा जीनोम जेमतेम १० लाख अक्षरांचा. त्याच्या मागोमाग शेडमध्ये शिरणाऱ्या ई. कोलायचा ४६ लाखांचा. ई. कोलाय आपली मेदाम्लं आपणच घडवतो. पायरीगणिक वेगळं प्रथिन, साखळी दर फेरीला दोन कार्बननी वाढते, आणि तिला हाताशी धरून या प्रथिनाकडून त्या प्रथिनाकडे नेणारं एक चिमुकलं वाहक प्रथिन, एसीपी. मायकोप्लाझ्माने हा कारखानाच मोडीत काढला. मेदाम्लं कोंबडीची, कोलेस्टेरॉलही कोंबडीचं. प्रयोगशाळेत वाढवायचा तर घोड्याचं नाहीतर डुकराचं सीरम घालावं लागतं. कॉलेजात हे ऐकून ‘काय हे लाड’ म्हणून आम्ही खिदळलो होतो.

३. गंमत म्हणजे, कारखाना गेला तरी एसीपीचं जनुक मायकोप्लाझ्माच्या काही जातींत शिल्लक आहे. वीटभट्टी विझली, घमेलं तेवढं राहिलं. उसन्या मालालाही हमाल लागत असेल, अशी मी आपली समजूत घालून घेतली आहे.

४. बिनभिंतीचे सगळेच उधारखोर नाहीत. १९३६ साली लंडनच्या सांडपाण्यात सापडलेला अकोलेप्लाझ्मा लेडलॉवी संतृप्त मेदाम्लं स्वतः करतो, कोलेस्टेरॉलही मागत नाही. भाऊबंदकीत असा एखादा असतोच.

५. मायकोप्लाझ्माला मात्र उधारी मिळत होती माझ्याच दारात. थंडी नको म्हणून मी पडदे गच्च बांधायचो. पहाटे उघडले की तुसातला अमोनिया डोळ्यांत झोंबायचा. पाखरांच्या श्वासनलिकेचं त्याने काय होत असेल, हे डोळे चोळतानाही सुचलं नाही. आता वरून वीतभर फट ठेवतो. हा रोग अंड्यातूनही येतो, म्हणून पिल्लं घेण्याआधी मातृकळपाचा तपासणी अहवाल मागतो. आणि रात्री दहाला दिवे मालवून, श्वास रोखून दारात उभा राहतो. घरघर अंधारातच नीट ऐकू येते.