वनातील माणसे

मुलांनो, तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. नवी भाषा आली म्हणून घरची भाषा विसरावी लागत नाही. पण एखाद्या समाजाची घरची भाषाच मागे पडू लागली, तर?

श्रीलंकेत वेद्दा नावाचे आदिवासी फार प्राचीन काळापासून राहतात. ते स्वतःला ‘वन्नियल एत्तो’ म्हणजे ‘वनातील माणसे’ म्हणतात. ते धनुष्यबाणाने शिकार करीत, कंदमुळे खणीत आणि मध गोळा करीत. मृत पूर्वज आपले रक्षण करतात, अशी त्यांची श्रद्धा आहे.

त्यांच्या भाषेत सिंहली शब्द पुष्कळ आहेत. पण काही शब्द त्यांचे स्वतःचे आहेत. मधमाशीला ते ‘पोट्टी’ म्हणतात आणि घराला ‘रुकुला’.

१९८३ साली मदुरू ओया येथील जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. प्राण्यांना आसरा मिळाला. पण अनेक वेद्दा कुटुंबांना जंगल सोडावे लागले. त्यांचे वृद्ध नायक तिसाहामी मात्र दंबाना गावातच राहिले. १९९८ साली ते वारले. शिकार बंद झाली. मग शिकारीचे शब्द मुलांच्या कानांवर कसे पडणार? मुले शाळेत सिंहली शिकतात. वेद्दा भाषा आता मुख्यतः वडीलधारी माणसेच बोलतात.

जंगल राखताना तेथील माणसांचाही विचार करायला हवा, नाही का?

स्वाध्याय
१. वेद्दा लोक स्वतःला काय म्हणतात?
२. जंगल सुटल्यामुळे त्यांच्या भाषेवर कोणता परिणाम झाला?
३. आजी-आजोबांना विचारून घरातील पाच जुने शब्द लिहा.