बातमी : पूर्वींची व आतांची



सन १८३२ मध्यें बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईस ‘दर्पण’ पत्र काढलें. १९३२ मध्यें पुण्यास ‘सकाळ’ पत्र निघालें. अशीं पत्रें दौंडास आगगाडीनें व शिरुरास मोटारीनें येत. एक अंक अनेकांच्या हातीं फिरे; निरक्षरांस कोणी तो वाचून दाखवी. पुढें नभोवाणी व दूरदर्शन आलें, तरी बातम्यांची वेळ ठरलेली असे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं भारतांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें झालें. २०१६ पासून तें स्वस्त होऊन खेडोपाडीं मोबाइलवर पोंचलें. वाट पाहणें संपलें. परंतु छापण्यापूर्वीं संपादक जी शहानिशा करी, ती आतां वाचकावर येऊन पडली. ती न केल्यास काय होतें? १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरून पसरलेल्या अफवेमुळें जमावानें पांच निरपराध भिक्षेकऱ्यांस ठार केलें. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत मजकूर एका वेळीं पांचच ठिकाणीं पाठविण्याची मर्यादा जाहीर केली.

यास्तव मजकूर पुढें धाडण्यापूर्वीं विचारावें : हें कोणी लिहिलें? केव्हां? अन्यत्र यास पुरावा आहे काय? शंका उरल्यास बोट आवरावें. पालकांनींही हा धडा मुलांसवें गिरवावा.