झोपायची जागा आणि पेट्रोल एकाच टेम्पोत: ग्वाल्हेरच्या वाटेवर शिकलेलं



बंदीचा काळ जवळ येतोय. इंजिनं काढून घरात, पडवीत, शेडमध्ये ठेवायची वेळ. म्हणून मागच्या मे महिन्यातली आमची फजिती सांगतो. खरं तर फजिती म्हणायची की वाचलो म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

ग्वाल्हेरकडच्या एका जलाशयावर पर्यटकांच्या बोटी चालवायचं हंगामी काम आलं होतं. (ग्वाल्हेर म्हटलं की आपल्याला शिंदे सरकार आठवतं, पण बोटीशीही त्या शहराचं नातं आहे. गोव्याची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था, जिथे पॉवरबोट चालवायला शिकवतात, ती ज्या सरकारी पर्यटन संस्थेचा भाग आहे तिचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे.) आम्ही चौघे बंद बॉडीचा टेम्पो घेऊन निघालो. नाशिक, धुळे, इंदूर, गुना, शिवपुरी असा आग्रा रोड. टेम्पोत पुढे फळ्या टाकून झोपायची सोय केलेली. मागे दोन आउटबोर्ड, एक मोटारसायकल आणि पेट्रोलचे तीन प्लास्टिकचे कॅन. अमेरिकेत लोक अशाच गाड्या घेऊन हिंडतात म्हणे, मागे मोटारसायकलींचं गॅरेज आणि पुढे बिछाना. फरक एवढाच, की तिकडे गॅरेजला हवा खेळायची सोय असते. आमच्याकडे मागचा दरवाजा सोडला तर एक भोक नव्हतं.

शिवपुरीच्या अलीकडे दुपारी थांबलो. बाहेर 45 अंश, आत पत्रा तापलेला. आतल्या दोघांची डोकी दुखत होती, एकाला मळमळत होतं. आम्ही म्हटलं, ऊन लागलं. चहा करू म्हणून आमच्यातला एक जण मागे गेला, काडेपेटी हातात. स्टोव्ह जमिनीवर होता, तो उचलायला वाकला आणि तसाच मागे सरला. उभा असताना वास जेमतेम येत होता, गुडघ्याच्या खाली मात्र पेट्रोलचा नुसता लोट. उन्हानं कॅन फुगला होता आणि झाकणातून पाझरत होता.

सगळा धडा त्या वाकण्यात आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड. ती वर जात नाही, पाण्यासारखी खाली साचते. हवेत साधारण दीड टक्का वाफ झाली की ठिणगीची वाट बघते. एक लिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर त्याची जवळपास पावणेदोनशे लिटर वाफ होते. आमचा टेम्पो आतून 10 फूट लांब आणि 6 फूट रुंद. तळाच्या एक फुटात दीड टक्का वाफ व्हायला किती पेट्रोल लागतं? हिशोब केला तर सव्वाशे-दीडशे मिली, म्हणजे चहाचा एक भरलेला कप. आणि ठिणगीला पेट्रोलच्या थंडी-उन्हाशी देणंघेणं नाही. शून्याखाली 40 अंशांतही ते वाफ सोडतं.

डिझेलवाले म्हणतील, आमचं बरं आहे. बरं आहे, पण किती? आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश धरलाय. म्हणजे तेवढं तापलं की त्याच्याही वाफेला ठिणगी लागू शकते. मे महिन्यात बंद इंजिन रूममध्ये 35 अंश काहीच नाही.

आणखी एक कबुली. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात परवान्याशिवाय स्वतःच्या वापरासाठी 30 लिटरपर्यंत पेट्रोल ठेवता-नेता येतं, तेही घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात, एक डबा 25 लिटरपेक्षा मोठा नको. आमच्याकडे होतं 60 लिटर, प्लास्टिकमध्ये. नशीब म्हणून कुणी अडवलं नाही, असंही वाटतं आणि अडवलं असतं तर बरं झालं असतं, असंही.

ग्वाल्हेरला पोचल्यावर टेम्पो सुधारून घेतला. पण पत्रा कापायच्या आधी सगळं पेट्रोल बाहेर, इंजिनं आणि गाडी बाहेर, दोन्ही दारं उघडी टाकून एक पूर्ण दिवस हवा खाऊ दिली. ही पायरी कुणीही गाळू नका, कटरची ठिणगी म्हणजे काडीच.

मग मागच्या भागात फळीला लागून, जमिनीपासून चार बोटांवर, समोरासमोर दोन झरोके पाडले. वर छताजवळ दोन, त्यातल्या एकाचं तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला, म्हणजे चालताना वारा आत घुसतो आणि खालून बाहेर पडतो. नुसती वरची खिडकी उघडून पेट्रोलची वाफ जात नाही, आणि नुसतं खाली भोक पाडलं तर ताजी हवा कुठून येणार? दोन्ही हवेत. झरोक्यांना जाळी लावली आणि पावसासाठी बाहेरून पत्र्याची झापडं, पण ती कधीच पूर्ण मिटत नाहीत अशी. बिछाना आणि सामान यांच्यामध्ये प्लायची भिंत, वायरचं भोकसुद्धा बुजवलेलं. पंखा लावायचा मोह झाला होता. साध्या पंख्याच्या मोटरमध्ये ठिणगी उडते, म्हणून लावला नाही. लावायचाच तर बोटीच्या इंजिन रूमसाठी मिळणारा, ठिणगी बाहेर न पडणारा ब्लोअर घ्यावा.

आता आपल्या बोटींकडे या. अमेरिकेत 1980 नंतर बनलेल्या पेट्रोल इनबोर्ड बोटींना नियमच आहे की हवा बाहेर नेणारी नळी कप्प्याच्या खालच्या तिसऱ्या भागात उघडली पाहिजे, आणि इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवायचा. आपल्या किती बोटींत ही नळी खालपर्यंत जाते? बहुतेकांची छताखालीच संपते. केबिनमध्ये गॅस सिलिंडर असेल तर तोही गॅस जड, तळात उतरणारा. बॅटरी चार्ज होताना निघणारा हायड्रोजन उलट, हलका, वर छताला जमतो. म्हणून खालीही झरोका आणि वरही.

जनरेटरचा धूर वेगळा. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि झोपलेल्याला उठवत नाही. तो केबिनमध्ये चालवायचाच नाही, झरोके कितीही असोत. आणि कुजलेल्या मासळीच्या कप्प्यात हायड्रोजन सल्फाइड साचतो. जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं. उतरलेला माणूस पडला म्हणून दुसरा धावत उतरतो आणि तोही पडतो. वरून दोर, आधी हवा, मग माणूस.

1 जूनला इंजिन घरी आणाल तेव्हा टाकी रिकामी करूनच आणा, उरलेलं पेट्रोल धातूच्या डब्यात, घराबाहेर सावलीत. आणि ज्या खोलीत पोरं झोपतात तिथे इंजिन ठेवलं असेल, तर उद्याच हलवा.